तीन नंबरच्या खोलीतलं हवामान

लांबच्या देशातून एक बाई फोनवर विचारते,
एप्रिलमध्ये तुमच्याकडे हवा कशी असते?
मी वुआई, या गेस्टहाउसचा रखवालदार.
ऑफिसात दुसरं कुणी नाही, म्हणून फोन मी उचललेला.
तिला एकच शब्द हवाय, ऊन किंवा पाऊस.
माझ्यापाशी चार आहेत
आणि त्या चौघांचं आपसांत पटत नाही.

कास्काझी उत्तरेचा. डिसेंबरात येतो, आंब्यांच्या मागोमाग.
त्याच्या पाठीवर बसून पूर्वी गलबतं यायची
खजूर घेऊन. आता येतात
उन्हानं लाल झालेल्या पाठी.
फेब्रुवारीत आतलं पाणी इतकं तापतं
की सुकतीला चालताना वाटावं
कुणीतरी चहा ठेवलाय आणि विसरून गेलंय.
मिझेच्या दोरीवरचं म्वानी,
समुद्राच्या शेवाळाचं आमचं पीक,
देठाशी पांढरं पडतं, म्हाताऱ्याच्या भुवईसारखं,
आणि तुटून जातं.
ती काही बोलत नाही. पुन्हा गाठी मारत बसते.

कुसी दक्षिणेचा. त्याला सगळे ओळखतात,
कारण तो दारं आपटतो.
रात्री अंगावर दुसरी कांगा ओढावी लागते,
आणि पोरं शाळा बुडवून बघत राहतात
पतंगाला स्वतःला बांधून घेणारे पाहुणे.
कोम्बो म्हणायचा, कुसीत मासा भित्रा होतो
आणि माणूस उगाच शूर.
कोम्बोची होडी कुसीतच गेली.
तिची एक उलांडी किनाऱ्याला लागली, ती आता
त्याच्या कोंबड्या बसायची दांडी आहे.

वुलीचं काय सांगू. थोडका पाऊस, नोव्हेंबरातला,
चप्पल न काढता
उंबऱ्यावरूनच बोलून परत जाणारा.

राहिला मसिका.
बाई, तुम्ही नेमकं त्याचंच विचारलंत.
उत्तरेचा गेलेला असतो, दक्षिणेचा आलेला नसतो,
दोन भावांच्या वाटणीत रिकामं पडलेलं घर असतं तसं आभाळ,
आणि ते गळतं.
झावळ्यांचं छप्पर तीन दिवसांत काळं होतं,
रस्त्याखालचा प्रवाळ दातांसारखा वर येतो.
मालक हिशेबाची वही मिटून शहरात जातो.
किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला.

मग मिझे येते. मागे म्हातारी सिती,
तिच्यामागे पांडूची थोरली सून, पाठीला मूल बांधलेलं.
डोक्यावर ओल्या गोण्या, मानेवर खारी धार.
पावसाचं गोड पाणी लागलं
की सुकत घातलेल्या म्वानीचा रंग उडतो,
मग व्यापारी काटा पायानंच बाजूला सारतो.
मी काही विचारत नाही. कुलूप काढतो.

एक नंबर, दोन नंबर, मग तीन, ज्यात दोन पंखे आहेत.
गाद्या भिंतीला उभ्या. फरशीवर पीक,
मच्छरदाणीच्या दांड्यांवर पीक,
ज्या खुंटीला हंगामात टॉवेलचा हंस टांगतो
तिथंही एक जांभळी जुडी.
वीज जाते तेव्हा बाया पुठ्ठ्यांनी वारा घालतात
आणि कशाकशाला हसतात, मला बाहेर कळत नाही.
सितीनं साठ वर्षांत
अख्खा माणूस मावेल असा आरसा पाहिला नव्हता.
न्हाणीत उभी राहिली. खूप वेळ.
मग हाक मारून म्हणाली,
अगं मिझे, माझी आई इथं कधी आली?
त्या दिवशी कुणी हसलं नाही.

जूनमध्ये पाहुणे उशीला नाक लावतात.
समुद्राचा वास! म्हणतात, खूश होतात.
मी म्हणतो, कुसी आहे, खिडकी उघडी राहिली असेल.

फोनवर बाई अजून थांबलेली.
बाहेर सरी आडव्या झाल्यात, व्हरांड्यात
चिखलाच्या चपला, मोजल्या तर नऊ जोड.
मी म्हणतो, एप्रिलमध्ये खोल्या भरलेल्या असतात.
भर पावसात? ती विचारते.
हो. आणि तीन नंबर तर
मिळतच नाही.